पाउंड केक आणि ‘रूम टेम्परेचर’ नावाची थाप

जानेवारीत मी पहिल्यांदा घरी पाउंड केक केला आणि तो इतका जमला की मला वाटलं, यात अवघड ते काय? वर मधोमध छान भेग, आत बारीक, एकसारखी जाळी, सुरीला काही चिकटत नाही. मे महिन्यात आईच्या वाढदिवसाला तोच केक पुन्हा केला. तीच रेसिपी, तोच टिन, तोच ओटीजी, वजनं अगदी ग्रॅमपर्यंत तीच. बाहेर आली ती वीट. तळाशी अर्धा बोट जाडीचा मेणचट थर, वर जेमतेम फुगवटा. आई म्हणाली, ‘‘अगं, शिऱ्याची वडी म्हणून खायला छान आहे की.’’

तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट, पेट, इंटरव्ह्यू यांच्या तयारीत असतात, आणि मला विचारतात की रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरमध्ये ‘रिप्रोड्युसिबिलिटी’वर काय लिहायचं. व्याख्या तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. मी आज या विटेबद्दल लिहिणार आहे. कारण ‘सगळं तेच केलं तरी तेच झालं नाही’ हे वाक्य तुम्ही पुढच्या पाच वर्षांत बऱ्याच वेळा म्हणणार आहात, आणि त्यातला ‘सगळं तेच’ हा भाग जवळजवळ नेहमीच खोटा असतो. मुद्दाम खोटा नसतो, पण असतो.

आधी केक. पाउंड केक हा मूळचा इंग्लंडमधला, अठराव्या शतकातला. नावातच रेसिपी आहे: एक पौंड मैदा, एक पौंड लोणी, एक पौंड साखर, एक पौंड अंडी. पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, म्हणजे एकूण केक पावणेदोन किलोच्या वर. फ्रान्समध्ये याच्याच भावंडाला ‘कात्र-कार’ म्हणतात, म्हणजे ‘चार चतुर्थांश’. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही लक्षात राहील असं हे प्रमाण आहे, आणि त्यातला गुणोत्तराचा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा. पौंड नको असेल तर २०० ग्रॅम घ्या, प्रत्येकी २०० ग्रॅम. मी तेवढाच करते. आपल्याकडची अंडी लहान असतात, कवच काढून ४५ ग्रॅमच्या आसपास भरतात, त्यामुळे २०० ग्रॅमला चार पुरत नाहीत आणि पाच जास्त होतात. मी पाच फोडून, फेटून, वजन करून घेते. उरलेल्याचं ऑम्लेट.

या यादीत बेकिंग पावडर नाही, सोडा नाही, यीस्ट नाही. तेव्हा बेकिंग पावडर हा प्रकारच नव्हता. मग केक फुगतो कशाने?

हॅना ग्लास या बाईंचं स्वयंपाकाचं पुस्तक १७४७ साली लंडनमध्ये निघालं. त्यात पाउंड केक आहे, आणि त्यात सगळं मिश्रण हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तब्बल तासभर फेटायला सांगितलंय. तासभर! उत्तर या तासात आहे. बटर आणि साखर एकत्र फेटताना साखरेचे टोकदार दाणे बटरमधून ओढले जातात आणि प्रत्येक दाण्यामागे हवेची बारीक पोकळी उरते. फेटत राहिलं की त्या पोकळ्यांचे लहान लहान बुडबुडे होतात, बटर फिकट दिसायला लागतं आणि हाताला हलकं लागतं. केकमधली सगळी जाळी इथे, या पातेल्यात तयार होते. ओव्हन नवीन बुडबुडा तयार करत नाही, असलेला फुगवतो.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. डन आणि व्हाइट या दोघांनी १९३९ साली ‘सीरिअल केमिस्ट्री’ या जर्नलमध्ये याच प्रश्नावर पेपर लिहिला. पाउंड केकचं मिश्रण घ्यायचं, निर्वात पंपाने त्यातली हवा काढून टाकायची आणि मग भाजायचं. घटक तेच, पाणी तेवढंच, भट्टी तीच, फक्त हवा नाही. केक फुगत नाही. पुढे १९४४ मध्ये कार्लिन यांनी केकचं मिश्रण सूक्ष्मदर्शकाखाली तापवत पाहिलं: हवा लोण्याच्या भागात अडकलेली असते, लोणी वितळलं की बुडबुडे पाण्याच्या भागात सुटतात, आणि बेकिंग पावडर असली तरी तिचा वायू जुन्याच बुडबुड्यांत शिरतो, नवे होत नाहीत. मला विचाराल तर कंट्रोल म्हणजे काय हे शिकवायला १९३९च्या त्या प्रयोगाइतकं सुटसुटीत उदाहरण नाही. ‘हवेमुळे फुगतो’ म्हणायचंय? मग हवा काढून दाखवा.

आता इथे एक गणित करू, बारावीचंच आहे. हवा २५ अंश सेल्सिअसवरून ९० अंशांपर्यंत तापली तर किती प्रसरण पावते? केल्विनमध्ये २९८ वरून ३६३. भागाकार १.२२. म्हणजे बुडबुडा फक्त २२ टक्के मोठा होणार. एवढ्याने केक फुगत नाही. मग बाकीचं कुठून येतं? पाण्याची वाफ. बुडबुड्याच्या भोवती ओलं मिश्रण आहे, आणि ९० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ०.७ वातावरण असतो. बुडबुड्यातला एकूण दाब साधारण एक वातावरण. त्यातला ०.७ वाफेने व्यापला, म्हणजे मूळच्या हवेच्या वाट्याला ०.३ उरला. हवा तेवढीच आहे आणि दाब ०.३ वर यायचाय, तर आकारमान तीन-सव्वातीन पट व्हायला हवं. त्याला आधीच्या १.२२ ने गुणा. जवळजवळ चौपट. प्रत्यक्षात इतकं होत नाही, कारण साखरेच्या पाण्याचा बाष्पदाब थोडा कमी असतो, काही बुडबुडे फुटतात, काही वरून निसटतात. पण ‘हवा गरम होऊन फुगते’ हे शाळेतलं उत्तर किती अपुरं आहे ते कळतं. हवा ही फक्त जागा धरून ठेवते. काम वाफ करते, आणि ते पाणी बहुतेक अंड्यांतून येतं: २०० ग्रॅम अंड्यांत १५० ग्रॅम पाणी.

म्हणजे मे महिन्यातल्या माझ्या विटेत वाफ होती, ओव्हन होता, पण जागा धरून ठेवलेली नव्हती. का?

रेसिपीत लिहिलं होतं: ‘बटर रूम टेम्परेचरला आणा.’ मी आणलं. दोन तास ओट्यावर ठेवलं. जानेवारीतही दोन तासच ठेवलं होतं. फरक एवढाच की जानेवारीत आमच्या पुण्यातल्या स्वयंपाकघरात २० अंश होते आणि मे महिन्यात दुपारी ३४.

लोणी हा एकच एक पदार्थ नाही. त्यातल्या स्निग्धांशाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या तापमानाला वितळतात. फ्रिजमधल्या बटरमध्ये निम्म्याच्या आसपास स्निग्धांश घन असतो, म्हणून ते सुरीला दाद देत नाही. २० अंशांना साधारण पाचवा-सहावा हिस्सा घन उरतो. हे घन स्फटिक बुडबुड्यांभोवती बसतात आणि त्यांना आधार देतात. बाकीचा द्रव भाग सगळ्याला लवचिक ठेवतो. ३४ अंशांना जवळपास सगळंच तेल झालेलं असतं. तेलात साखर कितीही फिरवा, हवा येते आणि जाते. आठवून पाहिलं तर त्या दिवशी पातेल्यातलं मिश्रण फिकट झालंच नव्हतं, चकचकीत दिसत होतं. दिसलं होतं मला. पण रेसिपीत ‘८ मिनिटं फेटा’ होतं आणि माझी ८ मिनिटं झाली होती, म्हणून मी पुढे गेले.

इथे थोडं थांबते, कारण यात दोन वेगळ्या चुका आहेत आणि दुसरी जास्त वाईट आहे. पहिली चूक रेसिपीची: ज्या घरात ती लिहिली गेली तिथे ‘रूम’ म्हणजे १८ ते २१ अंश असणार, त्यामुळे लिहिणाऱ्याला आकडा लिहायची गरजच वाटली नाही. दुसरी चूक माझी: डोळ्यांसमोर खूण दिसत असताना मी घड्याळाचं ऐकलं.

आपल्या घरातल्या जुन्या पाककृती या बाबतीत खूप शहाण्या आहेत. नारळाच्या वड्यांना किंवा रव्याच्या लाडवांना आजी कधी ‘पाक १२ मिनिटं उकळा’ म्हणत नाही. ती म्हणते, ‘एकतारी होऊ दे.’ बोटांत धरून तार बघायची. स्टोव्ह असो, गॅस असो, चूल असो, पातेलं पितळेचं असो की स्टीलचं, तार आली की पाक झाला. वेळ ही त्या घरापुरती खरी, खूण सगळ्या घरांत खरी. टायट्रेशनमध्ये आपण हेच करतो ना? ब्युरेटमधून किती मिली गेलं ते आधी ठरवत नाही, रंग बदलायची वाट बघतो.

मग मी पाउंड केकसाठी खूण शोधली आणि तिला आकडा दिला. एक लहान स्टीलची वाटी घ्या. काठोकाठ पाणी भरून पाण्याचं वजन करा. ती वाटी पुसून त्यात फेटलेलं बटर-साखर काठोकाठ भरा, चमच्याने आतली मोठी पोकळी काढा, वर सपाट करा, वजन करा. दुसऱ्याला पहिल्याने भागा. झाली सापेक्ष घनता. अजिबात हवा नसताना बटर-साखरेची सापेक्ष घनता हिशोबाने १.१५ च्या आसपास येते (बटर ०.९१, साखर १.५९, समान वजनं, करून बघा). मे महिन्यात मुद्दाम परत ३४ अंशांना फेटून पाहिलं तर आठ मिनिटांनी १.०८. मग पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून, बटर १८ अंशांपासून सुरू करून फेटलं, तर आठ मिनिटांनी ०.८४. यंत्राच्या घर्षणाने बटर स्वतःच दोन-तीन अंश तापतं, म्हणून २० ला सुरू न करता १८ ला सुरू केलेलं बरं. ही माझ्या स्वयंपाकघरातली रीडिंग्ज आहेत, प्रत्येकी दोनदा घेतलेली. यावरून पेपर लिहू नका. पण तुमच्या वाटीत १.०५ दिसत असेल तर पुढे जाऊ नका, अंडी वाचतील.

साखरेचंही तसंच. आपल्याकडची किराण्याची साखर जाड असते, तिने पोकळ्या मोठ्या आणि कमी होतात. पिठीसाखर फार बारीक, ती बटर ओढण्याऐवजी त्यात मिसळून जाते. मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन बारीक रव्याइतकी करायची.

अंड्यांच्या वेळी दुसरा अपघात होतो: मिश्रण फाटतं. रसायनशास्त्राच्या मुलांनी इथे जरा सावरून बसावं, कारण हे शुद्ध इमल्शन आहे. बटर म्हणजे तेलात पाणी. त्यातल्या १६० ग्रॅम स्निग्धांशात आपण अंड्यांतलं १५० ग्रॅम पाणी सामावायला सांगतोय. बलकातलं लेसिथिन मदत करतं, तरी शेवटच्या एका अंड्याला मिश्रण तक्रार करतंच. त्यात अंडी फ्रिजमधून थेट घेतली तर ती ५ अंशांची; बटर आकसतं, घट्ट होतं, पाणी बाहेर पडतं, आणि नासलेल्या दुधासारखे गोळे दिसतात. अंडी फेटून, २० अंशांच्या आसपास आणून, चमचा-दोन चमचे अशी घाला आणि प्रत्येक वेळी एकजीव झाल्यावरच पुढची. तरी फाटलंच, तर पातेलं क्षणभर कोमट पाण्यावर धरून फेटा. मैद्यातला एक चमचा घातला तरी सावरतं.

मैद्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चाळून घ्या, हलक्या हाताने मिसळा, मिसळला की थांबा.

आता साखर कमी करण्याबद्दल, कारण हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. माझी मावशी म्हणाली, ‘‘दोनशेऐवजी सव्वाशे टाक, काय बिघडतं?’’ बिघडतं, आणि गोडीशी त्याचा संबंध नाही. या केकमध्ये साखर आणि पाणी जवळपास समान वजनाचे आहेत, म्हणजे मैद्यातला स्टार्च आणि अंड्यांतली प्रथिनं खूप दाट पाकात बसलेली असतात. अशा पाकात स्टार्च फुलायला आणि प्रथिनं घट्ट व्हायला जास्त तापमान लागतं. म्हणजे केक उशिरा ‘बसतो’, आणि तोपर्यंत बुडबुड्यांना वाफेने फुगायला वेळ मिळतो. साखर कमी केली की केक लवकर घट्ट होतो आणि फुगायच्या आधीच दार बंद. शिवाय फेटताना पोकळ्या करणारे दाणेही कमी. एक गोष्ट बदलली असं वाटलं तरी तीन बदलल्या. व्हेरिएबल या शब्दाची खरी अडचण ही आहे; त्याला तुम्ही नाव एक देता, तो कामं तीन करतो. मावशीसाठी मी १७० ग्रॅमवर तडजोड केली. केक थोडा बुटका होतो. ती खूश आहे.

पहिल्या विटेनंतर मी केलेला मूर्खपणाही सांगून टाकते. घाबरून पुढच्या खेपेला मी एकदम चार गोष्टी बदलल्या: बटर गार घेतलं, बेकिंग पावडर घातली, साखर कमी केली, ओटीजी दहा अंशांनी वाढवला. केक बरा झाला. कशामुळे? माहीत नाही. खायला मिळालं, शिकायला काही मिळालं नाही. बटर वापरून बटरच्याच प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर बाकी तिन्हींना हात लावायचा नव्हता. पण घरात पाहुणे असले की कोण थांबतो, आणि लॅबमध्ये रिव्ह्यू मीटिंग असली की कोण थांबतो?

ओटीजीचं एक आहे: त्याच्या चकतीवर विश्वास ठेवू नका. माझी चकती १६० दाखवते तेव्हा आत ठेवलेला साधा ओव्हन थर्मामीटर १८५ दाखवतो. यात कोणाचा दोष नाही, स्वस्तातल्या उपकरणाचं कॅलिब्रेशन आपणच करायचं असतं. मी चकतीवर पेन्सिलने खऱ्या १६०ची रेघ मारलीय. त्या तापमानाला ८०० ग्रॅमचं मिश्रण लांबट टिनमध्ये साधारण ६५ ते ७० मिनिटं घेतं. इथेही मिनिटं ही माहिती आहे, खूण वेगळी: मधोमध खुपसलेली विणकामाची सुई कोरडी निघाली पाहिजे, किंवा प्रोब असेल तर आतलं तापमान ९८ च्या आसपास. वरची भेग हा दोष नाही. बाजू आणि साल आधी घट्ट होतात, मधला भाग तेव्हाही फुगत असतो, त्याला वाट वरूनच मिळते.

या खुणांवरून परत त्या जुन्या पुस्तकांकडे जाते. हॅना ग्लास सांगतात, भट्टी कडक हवी, तासभर भाजा. अमेरिकेत १७९६ साली अमेलिया सिमन्स यांचं पुस्तक आलं, त्यात याच चार पौंडांच्या केकला मंद भट्टी आणि १५ मिनिटं! कडक भट्टीत तास आणि मंद भट्टीत पाव तास, हे एकाच पदार्थाचं वर्णन असूच शकत नाही, असं आपल्याला वाटतं. पण सिमन्सबाईंनी साच्याचा आकार लिहिलेला नाही. लहान लहान साच्यांत वाटून ओतलं तर पाव तास अगदीच अशक्य नाही. एका मोठ्या गोळ्याला मात्र आतपर्यंत उष्णता पोचणारच नाही. त्यांच्या वाचकांना साचा कोणता ते माहीत असणार, म्हणून त्यांनी लिहिलं नाही. आज आपण त्यांच्या पुस्तकातून तो केक करू शकत नाही. पेपरांचे मेथड सेक्शन वाचताना मला हल्ली सतत सिमन्सबाई आठवतात.

आणि आता जे सांगायला मी इतका वेळ टाळतेय ते.

मी सोन्याचे नॅनोरॉड बनवते. त्यासाठी सीटीएबी नावाचं साबणासारखं रसायन लागतं. लॅबमध्ये आम्ही त्याला सीटॅब म्हणतो. पाण्यात त्याचं द्रावण करायचं, त्यात सोन्याचा क्षार आणि बाकीचं घालायचं, आणि रात्रभर न हलवता ठेवायचं. वर सांगितलेल्या केकच्याच मे महिन्यात माझी एक बॅच फार सुंदर आली. स्पेक्ट्रममध्ये दोन स्वच्छ शिखरं, लांबीचं शिखर बरोबर हवं तिथे. मी वहीत सगळं लिहिलं: मोलॅरिटी, क्रम, किती मायक्रोलिटर. आणि तापमानाच्या जागी लिहिलं, ‘आरटी’.

डिसेंबरमध्ये आमच्या ग्रुपमध्ये नवीन आलेल्या मुलीला सरांनी तीच बॅच रिपीट करायला दिली. तिला तीन आठवडे जमलं नाही. शिखर यायचं ते बसकं आणि पसरट, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. ती मला म्हणायची, ‘‘ताई, तुमच्या वहीतलं अक्षर न् अक्षर केलंय.’’ मी तिला म्हणाले, नीट मिसळलं नसशील. मग म्हणाले, पिपेट तपास. मग ग्रुप मीटिंगमध्ये सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, ‘‘सर, तिचा हात अजून बसायचाय.’’ तिच्यासमोर म्हणाले. ती काही बोलली नाही. त्या आठवड्यात तिने सरांना भेटून विषय बदलून मिळेल का असं विचारलं, हे मला नंतर कळलं.

सीटॅबचं क्राफ्ट तापमान साधारण २५ अंश आहे. त्याच्या खाली ते पाण्यात नीट विरघळलेलं राहत नाही, पांढऱ्या सुया होऊन खाली बसतं. मे महिन्यात आमच्या बाकावर ३१ अंश होते. डिसेंबरात संध्याकाळी ती द्रावण कोमट करून विरघळवायची, बाटली बाकावर ठेवून घरी जायची, आणि पहाटे बाकावर १८-१९ अंश. सकाळी बाटलीच्या तळाशी पांढरं काहीतरी असायचं. तिने ते वहीत लिहिलंही होतं, ‘तळाशी पांढरा साका’. मी तिची वही उघडून पाहिली नव्हती. या कामात मुरलेले लोक बाटल्या २७ ते ३० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवतात, आणि ते त्यांना इतकं अंगवळणी पडलेलं असतं की तेही कधीकधी लिहायचं विसरतात. मी मुरलेली नव्हते. मला फक्त मे महिना मिळाला होता.

मला याची लाज वाटते ती वेगळ्या कारणाने. अज्ञान सगळ्यांचंच असतं. पण त्या मे महिन्यात मी केकसाठी थर्मामीटर विकत आणला होता, फ्रिजवर ‘बटर १८°’ अशी चिठ्ठी चिकटवली होती, भेटेल त्याला ‘रूम टेम्परेचर ही थाप आहे’ म्हणून सांगत होते. आणि त्याच आठवड्यात लॅबच्या वहीत मी ‘आरटी’ लिहिलं. सात महिन्यांनी त्या दोन अक्षरांचं खापर मी दुसऱ्या मुलीच्या हातांवर फोडलं. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप येत नाही. ते उचलून न्यावं लागतं, आणि मी नेलं नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. सोपं नव्हतं. तिने बाटल्या २८ अंशांना ठेवल्या आणि दुसऱ्याच प्रयत्नात शिखर आलं. विषय बदलायचं तिने पुढे काढलं नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत ‘आरटी’ बंद आहे. प्रत्येक पानावर वर तारखेच्या शेजारी बाकावरचं तापमान लिहिते, लागो न लागो. ‘ओव्हरनाइट’ बंद, किती वाजता ठेवलं, किती वाजता उघडलं. ‘नीट मिसळा’ बंद. किती आरपीएम, कोणती नळी, आणि मिसळल्यावर कसं दिसलं. ‘कसं दिसलं’ हा रकाना सगळ्यात जास्त कामाला येतो, कारण कोणता आकडा पुढे महत्त्वाचा ठरणार ते त्या दिवशी आपल्याला माहीत नसतं, पण डोळ्यांना काहीतरी दिसत असतं. वाचणाऱ्याचा महिना वेगळा असणार आहे असं धरून लिहायचं. तुम्ही डिझर्टेशन करत असाल तर आजच तुमच्या वहीतले ‘आरटी’ मोजा. मी मोजले होते, ४१ निघाले.

केकची रेसिपी मी तशीच नव्याने लिहून त्या मुलीला दिली. मैदा, बटर, साखर, अंडी प्रत्येकी २०० ग्रॅम. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. बटर १८ अंशांना सुरू, बटर-साखर वाटीत ०.८५ च्या खाली येईपर्यंत फेटणे, मिश्रण २२ च्या वर गेलं तर पातेलं गार पाण्यात. अंडी २० अंश, दोन-दोन चमचे. एक चमचा व्हॅनिला किंवा लिंबाची किसलेली साल. मैदा चाळून, हलक्या हाताने. टिनला बटर पेपर. खरे १६० अंश, सुई कोरडी निघेपर्यंत.

तिने रविवारी केला आणि सोमवारी डब्यातून लॅबमध्ये आणला. मधोमध खड्डा पडलेला. सोबत कागद होता, त्यावर तापमानं, वजनं, वाटीचं रीडिंग ०.८३, सगळं लिहिलेलं, आणि खाली एक ओळ: ‘३० मिनिटांनी बघायला म्हणून ओटीजीचं दार उघडलं, साधारण दीड मिनिट.’ म्हणजे आतून अजून न बसलेल्या केकला तिने गार वारा दिला, वाफ आकसली आणि मधला भाग खाली गेला. कागद वाचून कारण सापडायला आम्हाला दहा सेकंदं लागली. माझ्या रेसिपीत दार उघडू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.